आठ पायांचे सभासद

(रौप्यमहोत्सवानिमित्त गच्चीवर झालेल्या छंदांच्या कार्यक्रमातील भाषण. बोलण्याचा ढंग शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)



माझ्या आधी बी विंगच्या काकूंनी बोन्साय दाखवले, त्याआधी नाण्यांचा संग्रह झाला. सगळं कसं दाखवण्यासारखं. माझा छंद असा, की मी डबी उघडली तर निम्म्या खुर्च्या रिकाम्या होतील. म्हणून डब्या आज घरीच ठेवून आलोय. निवांत बसा.

मी कोळी पाहतो. एखाद-दुसरा दिवस डबीत ठेवतो, ओळखतो, वहीत नोंद करतो आणि जिथे सापडला तिथे सोडून देतो. नोकरी सगळी बँकेत झाली, त्यामुळे प्राणिशास्त्राशी संबंध शाळेपुरताच. हा छंद लागला तो एका चुकीमुळे.

सोसायटी नवीन होती तेव्हाची गोष्ट. माझी आई आमच्याकडे होती. एके सकाळी तिच्या कमरेवर उजव्या बाजूला लाल पुरळ उठलं, आग आग होऊ लागली. जो तो म्हणाला, ‘कोळी मुतला.’ मी झाडू घेतला आणि घरातला एकूण एक कोळी मारला. माळा, बेसिनखालची जागा, काही सोडलं नाही. कुणी हा लेप सांगितला, कुणी तो. असे पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी डॉक्टरांकडे नेलं, तर ते म्हणाले, ‘ही नागीण आहे, आणायला उशीर केलात.’ फोड सुकले, पण तिच्या कमरेतली ठणक पुढे कित्येक महिने राहिली.

मंडळी, कोळी माणसाच्या अंगावर मुतून पुरळ उठत नाही. अशा पुरळामागे बहुतेक वेळा नागीण असते, नाहीतर अंगावर चिरडलेला एखादा भुंगेरा. नागिणीवर औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू झालं तर त्याचा फायदा जास्त होतो. ते तीन दिवस मी कोळी मारण्यात घालवले. ज्याला शिक्षा दिली त्याचं धड नावही मला ठाऊक नव्हतं. माझी वही तिथून सुरू झाली.

सुरुवातीला हौस पाळण्याची होती. आपल्या घरांत रात्री दिसतो तो मोठा, चपटा, खेकड्यासारखे पाय पसरून भिंतीला चिकटलेला कोळी तुम्ही सगळ्यांनी पाहिला असेल. इंग्रजीत त्याला हंट्समन म्हणतात, म्हणजे शिकारी. शास्त्रीय नाव हेटेरोपोडा व्हेनाटोरिया. तो शिकारीसाठी जाळं विणत नाही, धावून झुरळं पकडतो. असा एक मी बरणीत ठेवला. झाकणाला भोकं, आत ओला कापूस, झाडाच्या सालीचा तुकडा, सगळी व्यवस्था. एक दिवस तो खाईना. मला वाटलं भूक मेली, म्हणून आणखी एक जिवंत झुरळ आत टाकलं आणि झोपलो.

सकाळी पाहतो तर कोळी मेलेला, आणि झुरळ त्याच्यावर ताव मारतंय.

नंतर कळलं, की तो कात टाकायच्या तयारीत होता. कोळ्याचं अंग वाढतं, पण वरचं कवच वाढत नाही. म्हणून ते टाकून त्याला बाहेर यावं लागतं. त्याआधी तो खाणं बंद करतो, आणि कात टाकल्यावर काही वेळ इतका मऊ असतो की झुरळसुद्धा त्याला कुरतडू शकतं. अशा वेळी त्याला लागतो फक्त एकांत. घरात कोपऱ्यात वाळलेला, पोकळ कोळी दिसतो ना? पुष्कळदा तो मेलेला कोळी नसतो, ती टाकलेली कात असते. धनी बाजूच्या कपाटामागे मजेत असतो.

त्या दिवसापासून दोन दिवसांपेक्षा जास्त कुणाला ठेवायचं नाही, असा नियम केला.

आता ओळखायचं कसं? साहित्य फार नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग, टॉर्च, छोटी पट्टी आणि मोबाइल. आधी पाय मोजा. सहा असले तर कीटक, आठ असले आणि शरीराचे दोन भाग असले तर बहुधा कोळी. मग डोळे पाहा. बहुतेक कोळ्यांना आठ डोळे असतात, आणि ते कसे मांडलेत यावरून त्याचं कूळ कळतं. खिडकीच्या चौकटीवर टुणटुण उड्या मारणारा छोटा कोळी समोरून बघा. मोटारीच्या दिव्यांसारखे दोन मोठे डोळे दिसतील. बोट हलवलं तर तो तोंड वळवून तुमच्याकडे बघतो!

छताच्या कोपऱ्यात लांब, काडीसारख्या पायांचा असतो, तो जाळ्याला हात लागला की अंग गरगर हलवतो. त्याची मादी अंड्यांचा पुंजका तोंडात धरून बसते. खाली आपल्या आंब्याच्या खोडावर सालीच्याच रंगाचा, मागे दोन शेपट्या असलेला कोळी आहे. त्या शेपट्या म्हणजे धागा काढायचे अवयव. भक्ष्याभोवती गोल गोल फिरत तो त्याला गुंडाळून टाकतो.

पण नेमकी जात सांगणं सोपं नाही. त्यासाठी पूर्ण वाढलेला कोळी सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा लागतो. फोटोवरून बरेचदा कुळापर्यंत, फार तर त्याच्या खालच्या गटापर्यंत पोचता येतं. भिंतीवरच्या उडी मारणाऱ्या कोळ्यांची मी दोन वर्षं दोन जाती म्हणून नोंद केली, एक काळा-पांढऱ्या पट्ट्यांचा, एक तपकिरी. झूलॉजिकल सर्व्हेने १९८७ साली काढलेलं टिकादर यांचं हॅण्डबुक जुन्या पुस्तकांत मिळालं, ते घेऊन पुन्हा सगळं ताडून पाहिलं, तेव्हा कळलं की ते नवरा-बायको आहेत.

जगात कोळ्यांच्या ५०,०००हून अधिक जाती नोंदल्या गेल्यात, आणि नव्या अजून सापडताहेत. त्यासाठी ॲमेझॉनच्या जंगलात जायला नको. आपल्या ठाण्यात सापडलेल्या उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या जातीला २०२१ साली शहीद तुकाराम ओंबळे यांच्या सन्मानार्थ ‘आयशियस तुकारामी’ हे नाव दिलं गेलं.

आणखी एक आपल्या कामाचा. माळरानावर काटेरी झुडपांवर मळकट जाळ्यांचं गाठोडं दिसतं. त्यात शेकडो कोळी एकत्र राहतात, शिकार मिळून पकडतात, पिल्लं मिळून सांभाळतात. पुस्तकांत त्याला चक्क ‘भारतीय सहकारी कोळी’ म्हटलंय. गणसंख्येअभावी त्यांची सभा कधी तहकूब झाल्याचं ऐकिवात नाही.

सभेवरून आठवलं. जिने, बाग, कंपाउंडची भिंत, सगळीकडे औषध फवारायचा ठराव आला, तेव्हा विरोधात एकच हात वर झाला, माझा. सौ. शेजारीच बसली होती, तिने दुसरीकडे पाहिलं. तुम्ही हसलात, मीही हसलो. पण त्यानंतर पावसाळाभर आंब्याच्या खोडावर मला एकही कोळी दिसला नाही. म्हणून आज पुन्हा विनंती करतो. जिन्यातली जळमटं खुशाल काढा. बाग आणि कंपाउंडची भिंत मात्र फवारणीतून वगळा. कोळी ठेवले की डास संपतील, अशी थाप मी मारणार नाही. त्यासाठी टाक्या झाकायलाच हव्यात. पण फुकटात जेवढं काम होतंय तेवढं होऊ द्या.

आणि मुलांनो, कोळी हाताने पकडायचा नाही. दाबला तर मोठा कोळी चावतो. वरून ग्लास ठेवायचा, खालून जाड कागद सरकवायचा, झाला बंदोबस्त. आता सौ.सुद्धा हाक मारते, ‘अहो, बाथरूममध्ये तुमचा पाहुणा आलाय, ग्लास घेऊन या.’ झाडू घेत नाही.

आई जाईपर्यंत भिंतीवर कोळी दिसला की मला म्हणायची, ‘राहू दे रे त्याला. त्याने काही केलं नव्हतं.’

येत्या रविवारी रात्री आठ वाजता आंब्याखाली टॉर्च घेऊन या. भिंग माझ्याकडे आहे.