वॉर्ड ऑफिस: तक्रारवही की वाटाघाटीचे टेबल?

(रायपूर येथे रेल्वे व टपाल कामगारांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



सकाळपासून वेतन आयोग, पेन्शन, खाजगीकरण यांवर बरेच बोलून झाले. माझ्या वाट्याला आलेला विषय निराळा आहे: शहराचा कारभार मोहल्ल्यापर्यंत कसा आणावयाचा. हा युनियनचा प्रश्नच नव्हे, असे काही साथी म्हणतील. पण कामगार आठ तास ड्युटीवर असतो. उरलेले सोळा तास तो आणि त्याची बायकामुले याच शहराचे पाणी पितात. म्हणून पाण्यापासूनच सुरुवात करतो.

२०१८ च्या उन्हाळ्यात आपल्या स्टेशनजवळच्या नहरपारा, मौदहापारा भागात काविळीची साथ आली. माणसे दगावली. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. त्यानंतर २०२० च्या एप्रिलमध्ये, ऐन टाळेबंदीत, शहरात कावीळ पुन्हा पसरली. कारण गूढ नव्हते. घरोघरच्या नळजोडणीचे पाइप गटारातून नेलेले. पाइप कुठे गंजला, फुटला, की नळ बंद असताना गटारातील पाणी आत शिरते आणि नळ आल्यावर पहिल्या हंड्यात तेच पडते. खारून नदीचे पाणी फिल्टर प्लांटमध्ये शुद्ध होऊन निघाले तरी शेवटच्या काही फुटांत ते नासते.

आता त्या शेवटच्या काही फुटांची माहिती कोणाला असते? गल्लीतल्या बाईला असते. रोज त्या गल्लीतून जाणाऱ्या पोस्टमनला असते. महापालिकेच्या खालच्या मुकादमालाही असते. परंतु पाइप बदलण्याचे अंदाजपत्रक, मंजुरी आणि टेंडर ही सारी वरची कामे. माहिती खाली आणि अधिकार वर, मध्ये फाईल. विकेंद्रीकरण हा जड शब्द आहे, पण त्याचा सगळा अर्थ या एका पाइपात सामावलेला आहे.

यावर उपाय म्हणून काहीच झाले नाही असे नाही. रायपूर महापालिकेचे ७० वॉर्ड १० झोनमध्ये वाटलेले आहेत आणि प्रत्येक झोनला कार्यालय आहे. २०१९ साली २ ऑक्टोबरला, गांधीजींच्या दीडशेव्या जयंतीचे निमित्त साधून, राज्य सरकारने मुख्यमंत्री वॉर्ड कार्यालय योजना सुरू केली. नळ, दिवाबत्ती, सफाई, मालमत्ता कर यांसाठी नागरिकाला मुख्यालयात खेटे घालावे लागू नयेत, तक्रार घराजवळच नोंदवता यावी, हा तिचा हेतू. पुढे १ मे २०२२ पासून मितान योजनेत फोन केल्यावर माणूस घरी येऊन दाखल्यांचे काम करू लागला. ज्याने एका जन्मदाखल्यासाठी रजा टाकलेली आहे, तो या सोयींची टिंगल करणार नाही. मीही करीत नाही.

मात्र सोय आणि सत्ता यांत फरक आहे, आणि तो रेल्वेवाल्यांना समजावून सांगण्याची गरज नसावी. स्टेशनवरची तक्रारवही आठवा. प्रवासी लिहितो, गाडी रोज उशिरा येते. स्टेशन मास्तर सही करतो, नम्रपणे खेदही व्यक्त करतो. गाडीचे वेळापत्रक त्याच्या हातात आहे काय? आता दुसरीकडे आपली पी. एन. एम. पाहा. १९५२ पासून ही वाटाघाटीची यंत्रणा चालू आहे. तिथे विषयपत्रिका असते, समोर अधिकार असलेला अधिकारी बसतो, इतिवृत्त लिहिले जाते आणि मागच्या बैठकीतल्या विषयाचे काय झाले ते पुढच्या बैठकीत विचारता येते. ती परिपूर्ण आहे असे मी म्हणणार नाही; वर्षानुवर्षे रेंगाळलेले विषय तुम्हीच मला सांगाल. तरीही तक्रारवही आणि पी. एन. एम. यांत जे अंतर आहे, तेच तक्रार नोंदवणारे वॉर्ड ऑफिस आणि खरीखुरी वॉर्ड समिती यांत आहे.

कायदा काय म्हणतो? ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली. तिच्यातील कलम २४३ एस प्रमाणे तीन लाख वा अधिक लोकसंख्येच्या शहरात वॉर्ड समित्या असल्याच पाहिजेत. परंतु एक समिती एका वॉर्डाची की अनेक वॉर्डांची, हे राज्यावर सोडले. समितीत नागरिक किती असावेत, हेही राज्यावरच. नगरसेवकाची जागा तेवढी घटनेने पक्की केली. (इथे आपण त्याला पार्षद म्हणतो, नागपूरहून नवीन बदलून आलेल्यांनी हा शब्द शिकून घ्यावा.) बहुतेक राज्यांनी सोयीची वाट धरली आणि अनेक वॉर्डांची मोट बांधली. रायपूरचा हिशेब करा. २०११ च्या जनगणनेत शहर दहा लाखांच्या वर होते. म्हणजे एका वॉर्डात सरासरी चौदा हजारांहून अधिक माणसे आणि एका झोनमध्ये एक लाख. एक लाख लोकांच्या झोनला मोहल्ला म्हणावयाचे काय?

याच सुमारास खेड्यांसाठी ७३ वी दुरुस्ती झाली. तिने ग्रामसभा घटनेत आणली. गावातला प्रत्येक मतदार तिचा सभासद. शहरातल्या मतदाराला असे काही दिले नाही. आरंग तालुक्यातून रायपूरला राहावयास आलेला मजूर गावात सभेचा सभासद असतो आणि शहरात आला की नुसता अर्जदार होतो. महाराष्ट्राने २००९ साली कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली खरी. पण नागपूर, पुण्यातल्या आपल्या नातेवाइकांना विचारा, क्षेत्रसभेचे निमंत्रण कधी आले होते का म्हणून.

नागपूरचे उदाहरण आणखी एका कारणाने घेण्यासारखे आहे. तिथेही दहा झोन आहेत. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ निवडून आलेले सभागृहच नव्हते; प्रशासकाने कारभार पाहिला. झोन ऑफिसे मात्र चालू राहिली, कर भरून घेत राहिली, दाखले देत राहिली. म्हणजे लोकप्रतिनिधी असोत वा नसोत, खिडकी चालतेच.

आता रायपूरमध्ये दुसऱ्या बाजूला काय घडले ते पाहा. २०१६ साली शहराची स्मार्ट सिटी योजनेत निवड झाली आणि रायपूर स्मार्ट सिटी लिमिटेड ही कंपनी निघाली. योजनेच्या नियमाप्रमाणे अशा कंपनीत राज्य सरकार आणि महापालिका यांचा निम्मा-निम्मा वाटा. मोठी कामे, मोठा पैसा या कंपनीकडे; निर्णय संचालक मंडळाचा. हे घटनेत बसते काय, असा प्रश्न घेऊन छत्तीसगडच्या उच्च न्यायालयात याचिकाही झाली. तीन वर्षांनी वॉर्ड ऑफिसे आली. कागद खाली उतरला आणि पैशाचा निर्णय मात्र मुख्यालयाच्याही वर चढला! याला विकेंद्रीकरण म्हणावयाचे असेल तर आपल्या कारखान्यांतली कंत्राटदारीही विकेंद्रीकरणच म्हणावी लागेल.

हे सगळीकडे असेच होते असे मात्र नाही. दक्षिण अमेरिकेत उरुग्वे नावाचा छोटा देश आहे, राजधानी माँटेव्हिडिओ. १९९० साली तिथे डाव्या आघाडीचे ताबारे वास्केझ महापौर झाले. त्यांनी शहराचे १८ विभाग पाडले आणि प्रत्येक विभागात महापालिकेचे केंद्र उघडले. विरोधकांनी बरीच ओरड केली. १९९३ साली या विभागांतून लोकांनी निवडलेल्या वस्ती परिषदा उभ्या राहिल्या आणि विभागात काय करावे यावर त्या मत देऊ लागल्या. त्यांचा अधिकार सल्ल्यापुरताच होता, त्यावर पुष्कळ भांडणेही झाली. २०१० साली शहरात आठ छोट्या पालिका होऊन त्यांचे प्रमुख थेट निवडून येऊ लागले. खिडकीपासून निवडणुकीपर्यंत यायला वीस वर्षे लागली. खिडकीवर थांबले नाहीत म्हणून पुढे गेले.

इतके लांब जायचे नसेल तर ठाकूर प्यारेलाल सिंह आहेतच. राजनांदगावच्या बी. एन. सी. मिलमध्ये १९२० साली कामगारांचा संप लढवणारा हा पुढारी १९३७ साली रायपूर नगरपालिकेचा अध्यक्ष झाला. मिलचे फाटक आणि नगरपालिकेचा दरवाजा या दोन वेगळ्या दुनिया आहेत असे त्या पिढीला वाटत नव्हते.

आपल्यापुरती एक अडचण निराळी आहे. डब्ल्यू. आर. एस. कॉलनीत किंवा स्टेशनजवळच्या क्वार्टरात राहणारा मतदान वॉर्डात करतो, पण त्याचे गटार रेल्वेचे, नळ रेल्वेचा. केंद्राच्या मालमत्तेवर महापालिकेला कर लावता येत नाही. घटनेचे कलम २८५ तसे सांगते. सेवाशुल्काचा वाद वरच्या वर चालू राहतो. त्यामुळे पार्षद कॉलनीत निवडणुकीपुरता येतो आणि आपणही आय. ओ. डब्ल्यू.च्या ऑफिसात तक्रार देऊन मोकळे होतो. मग माणूस निवृत्त होतो, गुढियारीत नाहीतर टाटीबंधला घर बांधतो आणि साठाव्या वर्षी त्याला कळते की झोन ऑफिसात आपल्याला कोणी ओळखत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. सभा बोलावतील ती कामाच्या दिवशी, ऑफिसच्या वेळात. रनिंग स्टाफ गाडीवर असतो, पोस्टमन बीटवर, कामवाली बाई चौथ्या घरी. मग सभेला येतो कोण? दुकानदार, ठेकेदार आणि पक्षाचे कार्यकर्ते. त्यांनाच पुढे ‘जनतेचा सहभाग’ म्हणून अहवालात लिहितात.

फेब्रुवारी २०२५ मध्ये निवडणूक होऊन रायपूरला नवे सभागृह मिळाले, त्याआधी काही आठवडे इथेही प्रशासक होता. या सभागृहाकडे प्रत्येक शाखेने लेखी मागावे असे तीनच विषय मी सुचवतो. आपल्या वॉर्डात गटारातून गेलेल्या नळजोडण्या किती, त्यांतील किती बदलल्या आणि उरलेल्या कधी बदलणार, याची यादी वॉर्डात लावावी. वॉर्डासाठी मंजूर झालेला पैसा आणि ठेकेदाराचे नाव त्याच फळ्यावर असावे. आणि वॉर्डाची सभा रविवारी संध्याकाळी, इतिवृत्तासह, तीन महिन्यांतून एकदा व्हावी. पहिल्या विषयासाठी माहितीच्या अधिकाराचा अर्ज आपल्या निवृत्त साथींनी करावा. त्यांना वेळ आहे आणि वरिष्ठांची भीती नाही. नहरपाऱ्यापासून सुरुवात करा, स्टेशनपासून पायी जाता येते.