पुढाऱ्याने कोणाला बोलू द्यावे

ज्यांच्या खटपटीने १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीकामगाराला रविवारची सुट्टी मिळाली, ते नारायण मेघाजी लोखंडे आपल्या ठाण्याचे. १८८४ साली त्यांनी सुमारे साडेपाच हजार सह्या जमविल्या. पण मला त्याहून मोठे वाटते ते हे, की २४ एप्रिल १८९० च्या सभेत दहा हजारांच्या समुदायापुढे दोन कामकरी स्त्रिया बोलल्या.

मी मात्र डोंबिवलीच्या एका कारखान्यात एकटाच मालकापुढे बसून कराराचा मसुदा ठरवून आलो. मसुदा वाईट नव्हता हो! पण गेटसभेत एक हेल्पर म्हणाला, "भाऊ, आम्हाला विचारलं कुणी?" मी कागद खिशात घातला. पुढच्या बोलणीला तोच शेजारी बसविला. रात्रपाळीचा हिशेब माझ्यापेक्षा त्यालाच अधिक ठाऊक होता.