पद्मिनी, मारुती आणि गाळलेला रकाना



मोटारींची तुलना करायला कामगार संघटनेचा माणूस कशाला, असे कुणास वाटेल. पण तुलनेशी आमचा संबंध जुना आहे. पगारवाढीची बोलणी सुरू झाली की मालकाची बाजू दोन कारखान्यांचे दरमाणशी उत्पादन शेजारी शेजारी मांडते, आणि त्यांपैकी एकात यंत्रे नवी आहेत एवढे सांगायचे तेवढे विसरते. तेव्हापासून कोणताही तक्ता समोर आला, की त्यात कोणता रकाना गाळला आहे तो आम्ही आधी शोधतो.

आजचा तक्ता प्रीमियर पद्मिनी आणि मारुती ८०० यांचा. पद्मिनी म्हणजे मूळची इटलीची फियाट ११०० डी. कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होई. मारुती आली डिसेंबर १९८३ मध्ये. पद्मिनीचे इंजिन चार सिलिंडरांचे, १०८९ सी.सी.; मारुतीचे तीन सिलिंडरांचे, ७९६ सी.सी. तेव्हा जुनी गाडी अधिक जोरकस, असा तर्क कुणीही करील. पण शक्ती दोघींची जवळजवळ सारखीच, चाळीस अश्वशक्तीच्या आसपास! फरक आहे तो वजनात. पद्मिनी सुमारे ९०० किलो भरते, मारुती साडेसहाशेच्या घरात. म्हणजे घोडे तेवढेच, पण एका गाडीत धान्याची अडीच पोती कायमची टाकलेली. चढावर आणि पेट्रोलच्या खर्चात ही पोती दिसल्यावाचून राहत नाहीत. शिवाय पद्मिनीचे इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना. मधून लांबलचक शाफ्ट फिरवत न्यावा लागे. मारुतीत इंजिन आडवे बसवून पुढचीच चाके फिरवली, त्यामुळे जागाही वाचली.

यंत्र म्हणून नवी गाडी सरस, हे आम्ही निखालस सांगतो. खुद्द इटलीत ११०० डी १९६६ सालीच बदलली. आपल्याकडे ती विसावे शतक सरेपर्यंत निघत राहिली. परवान्यांच्या राज्यात गिऱ्हाईक नंबर लावून वर्षानुवर्षे थांबत असे. थांबणाऱ्यासाठी सुधारणा कोण करतो?

मग मुंबईच्या टॅक्सीवाल्याने तिला इतकी वर्षे का धरून ठेवले? कारण गाडी बंद पडली की त्याची त्या दिवसाची कमाई बुडते. पद्मिनी रस्त्याच्या कडेला दोन पान्यांनी आणि एका पेचकसाने उघडता येई. पत्रा जाड; पोचा आला तर हातोडीने ठोकून सरळ करीत. नाक्यावरचा मिस्तरी नुसत्या आवाजावरून दोष ओळखी. पुढे गाड्यांत इंधन सोडण्याचे काम कॉम्प्युटरकडे गेले, तेव्हा त्या मिस्तऱ्याच्या कानाची किंमत उतरली. दुरुस्तीची ही सोय कंपनीच्या माहितीपत्रकात कधी छापली जात नाही.

आणि आणखी एक रकाना आहे, तो तर दोन्ही बाजू गाळतात. जड क्लच, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, पायाशी इंजिनची धग, आणि अशा जागेवर दहा-बारा तासांची पाळी. पद्मिनीच्या आठवणी काढणारे बहुतेक मागच्या सीटवर बसलेले असत. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली होती. वीस वर्षांच्या मर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये ती उतरली, तेव्हा हळहळ पुष्कळ झाली. चालकाच्या गुडघ्याची चौकशी मात्र कुणी केल्याचे आमच्या कानांवर आले नाही. नवी टॅक्सी घेताना मायलेजबरोबर क्लच किती जड आहे आणि सीट किती मागे सरकते, हेही विचारून घ्या, असे आम्ही आमच्या चालक मंडळींना सांगत असतो. दुकानदार हसतो, हसू द्या.