कामगाराची पोटरी

सुरतेच्या यंत्रमागांवर खानदेशातील पुष्कळ मराठी माणसे पोट भरतात. हे काम उभ्याचे. चालताना पोटरीचे स्नायू रक्त हृदयाकडे ढकलतात. नुसते उभे राहिल्यास ते पायांत साचते व शिरा फुगतात. घोट्याशी घट्ट आणि वर क्रमाने सैल होणारे दाबाचे मोजे येथे उपकारक होतात. मालकाने पेढीचे नाव विणवून ते खुशाल वाटावेत. मात्र प्रत्येकाचा घोटा व पोटरी मोजून मगच मागवावेत. पायांच्या रोहिण्या अरुंद झालेल्यास ते अपायकारक ठरू शकतात. तेथे डॉक्टरांचा सल्ला हवा. शिवाय, उभ्याने काम करणाऱ्यांस बसावयाची सोय १९४८ च्या कारखाने कायद्याने सांगितली, २०२० च्या संहितेनेही राखली. मोजे वाटले म्हणून बाकडे उचलून नेता येणार नाही.