रंगीत पेन्सिलीची शिस्त



दुसऱ्याने काढलेल्या रेषांत रंग भरणे हा पोरखेळ, असा आपला समज असतो. स्कॉटलंडच्या जोहाना बॅस्फर्ड यांच्या ‘सीक्रेट गार्डन’ (२०१३) व ‘एन्चांटेड फॉरेस्ट’ (२०१५) या रंगवायच्या पुस्तकांनी प्रौढांच्याही हाती पेन्सिली दिल्या. तेव्हापासून ही कला की नुसती करमणूक, असा प्रश्न विचारला जातो. आमचे उत्तर असे की, बंदिश दुसऱ्याची असली तरी गाणे गायकाचे असते. इथेही तसेच आहे.

समजा, पानावर घनदाट अरण्य आहे, मागे डोंगर, पुढे एक किल्ला, आणि किल्ल्याला विळखा घालून बसलेला पंखांचा सर्प. त्याच्या अंगावर शेकडो खवले. अशा वेळी आपण पहिला प्रश्न विचारतो, ‘सर्प कोणत्या रंगाचा?’ वास्तविक पहिला प्रश्न हवा, ‘उजेड कुठून येतो?’ सर्प हिरवा असो की जांभळा, तो कोणी पाहिलेला नाही, म्हणून कोणी हरकत घेणार नाही. पण झाडाची सावली उजवीकडे आणि सर्पाची डावीकडे पडली, की सारी जादू संपली! कल्पना स्वैर असावी. प्रकाश स्वैर असून चालत नाही. प्रत्येक खवल्याची उजेडाकडची कड फिकी व दुसरी गडद ठेवली, म्हणजे न पाहिलेला प्राणीही खरा वाटू लागतो.

आता साधनाचा स्वभाव पाहू. साध्या पेन्सिलीत ग्रॅफाइट असते. रंगीत पेन्सिलीत ते नसते. तिच्यात रंगद्रव्य, भरीसाठी पांढरी माती आणि मेण किंवा तेल असते. कागदाच्या बारीक खरखरीत हा रंग अडकून बसतो. ती खरखर म्हणजे आपले भांडवल. आरंभीच जोर देऊन ते उधळले, तर कागद गुळगुळीत होतो आणि पुढचा थर धरीत नाही. खोडरबराने रंग पुरता निघतही नाही. म्हणून हलक्या हाताने, फिक्याकडून गडदाकडे, थरावर थर चढवावेत. पिवळ्यावर निळा फिरवला की हिरवा होतो. त्याच्या सावलीत काळ्याऐवजी थोडा तांबडा मिसळला, तर सावली जिवंत राहते. पांढरे हवे तिथे कागद कोराच सोडावा. गडद रंगावर पांढरी पेन्सिल फिरवून शुभ्रपणा परत येत नाही.

शेवटची गोष्ट संयमाची. तपशील पुष्कळ आहे म्हणून प्रत्येक पान, प्रत्येक दगड सारख्याच भडक रंगाने भरला, तर डोळ्याला विसावा कुठे? दुरून डोंगर साजरे दिसतात, ते निळसर व धूसर होतात म्हणूनही. ते तसेच फिके ठेवावेत. गडद रंग आणि ठळक भेद सर्पाच्या मस्तकापाशी राखून ठेवावेत. कशाला पुढे आणायचे आणि कशाला मागे सारायचे, हा निर्णय छापील रेषा आपल्यासाठी घेत नाहीत. तो रंगवणाऱ्यालाच घ्यावा लागतो, आणि जिथे असा निर्णय आहे तिथे कला आहे.

तेव्हा घरी कोणी मोठे माणूस असे पान पुढे घेऊन बसलेले दिसले, तर हसू नये. उजेड कुठून येतो, एवढेच विचारावे. त्याने उत्तर दिले, की समजावे, काम नीट चालले आहे.