करार झाला, कमाई झाली का?

एखाद्या मासिकाची १,२०० रुपये वार्षिक वर्गणी आपण जानेवारीत भरतो. पैसे त्याच दिवशी प्रकाशकाकडे जमा होतात. पण त्याची कमाई किती झाली? एकही अंक न देता, काहीच नाही! दरमहा अंक पोहोचेल तसतसे शंभर-शंभर रुपये त्याचे होतात. तोवर उरलेली रक्कम हे त्याच्या डोक्यावरचे देणेच.

सॉफ्टवेअरचेही असेच आहे. तिथे सहसा विकला जातो तो वापरण्याचा परवाना. समजा, एका बँकेशी १० लाखांचा करार झाला. त्यात परवाना आहे आणि पाच वर्षांची देखभालही. या दोन गोष्टी वेगवेगळ्या विकल्या असत्या, तर परवान्याचे ६ लाख आणि देखभालीचे ४ लाख झाले असते. मग सॉफ्टवेअर बँकेच्या हाती देऊन वापर खुला झाला की ६ लाख उत्पन्नात धरायचे. देखभालीचे मात्र दरवर्षी ८० हजारच. आपल्याकडे २०१८ पासून लागू झालेले ‘इंड एएस ११५’ हे हिशेबमानक हेच सांगते.

नियम सोपा, मोह मोठा. तिमाही संपत आलेली असते, शेअरबाजार आकड्यांकडे डोळे लावून बसलेला असतो. मग पुढची कमाई आजच दाखवावीशी वाटते.

अमेरिकेतील मायक्रोस्ट्रॅटेजी या कंपनीचे उदाहरण बोलके आहे. परवान्याबरोबर पुढे द्यायच्या सेवा बांधलेल्या असतानाही तिने कराराची रक्कम आधीच उत्पन्नात धरली होती. काही करारांवर तर तिमाही उलटून गेल्यावर सह्या झाल्या होत्या. २० मार्च २००० रोजी कंपनीने जुने हिशेब दुरुस्त करत असल्याचे जाहीर केले आणि एका दिवसात शेअर सुमारे ६२ टक्क्यांनी कोसळला. १९९७ ते १९९९ या वर्षांत दाखवलेला नफा प्रत्यक्षात तोटा होता. पुढे त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कंपनीने आरोप मान्य वा अमान्य न करता अमेरिकी बाजार नियामकाशी प्रकरण मिटवले. पण नफ्याच्या आकड्यांवर विसंबून ज्यांनी शेअर घेतले होते, त्यांचे मोठे नुकसान झाले.

म्हणून अशा कंपनीत पैसे गुंतवताना नुसता नफा पाहू नका. उत्पन्न वाढते आहे, पण ग्राहकांकडून रोकड येत नाही आणि येणी फुगत आहेत, असे दिसले तर कारण शोधा. सही म्हणजे वचन. कमाई होते ती वचन पाळल्यावर.