घरातील ओल आणि कुटुंबाचे आरोग्य
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारानंतर बुरशीसारख्या क्षुद्र वस्तूवर व्याख्यान व्हावे, याचे कित्येकांस नवल वाटेल. परंतु कोकणातील आपली मूळ घरे असोत वा मुंबई-ठाण्याकडील बिऱ्हाडे, पावसाळ्यात ही पाहुणी न बोलाविता येते आणि तिच्या मुक्कामाची किंमत मुलांना व वृद्धांना मोजावी लागते. म्हणून हा विषय आम्ही हेतुपुरस्सर निवडला आहे.

प्रथम बुरशीवर अन्याय होऊ नये. १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांना गवसलेले आणि ज्याच्या उत्पादनासाठी १९५४ साली आपल्या पिंपरीस कारखाना स्थापन झाला, ते पेनिसिलीन बुरशीचेच देणे होय. तिची सूक्ष्म बीजे हवेत सर्वत्र असतात. ती घरातून समूळ घालविणे कोणासही शक्य नाही. मात्र ओलाव्यावाचून ती रुजत नाहीत. भिजलेली वस्तू एक-दोन दिवसांत पुरती वाळविली, तर बहुधा बुरशी धरत नाही. तेव्हा बुरशी हे केवळ लक्षण. मूळ व्याधी ओल.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली या विषयावर मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. ओलसर घरांत राहणाऱ्यांना खोकला, छातीतील घरघर, दमा व श्वसनमार्गाचे इतर विकार अधिक जडतात, असा तिचा निष्कर्ष आहे. इंग्लंडातील रॉचडेल येथे २०२० साली दोन वर्षांचे एक बालक दगावले. घरातील बुरशीच्या दीर्घ संसर्गाने जडलेला श्वसनविकार हेच त्याचे कारण, असा निर्णय २०२२ साली मृत्यूच्या अधिकृत चौकशीत झाला. त्या कुटुंबाने तक्रार केली, तेव्हा डागांवर रंग लावण्याचा सल्ला त्यांस मिळाला होता!

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. २०२१ साली करोनाच्या साथीत ज्याने हाहाकार उडविला, तो 'काळी बुरशी' म्हणून ओळखला गेलेला रोग म्हणजे भिंतीवरचा काळा डाग नव्हे. अनियंत्रित मधुमेह व स्टेरॉइड औषधांचा अतिरेक यांचा त्या रोगाशी निकट संबंध होता. डाग पाहून भयभीत होऊ नये. तसेच त्याकडे काणाडोळाही करू नये.

दुर्दैवाने आपल्याकडे भिंतीचा दोष माणसाच्या माथी मारला जातो. मुलगा 'नाजूक प्रकृतीचा' ठरतो. सून 'आल्यापासून खोकते' असे बोलले जाते. मुलीचा दमा लग्न जमेपर्यंत झाकून ठेवण्यात येतो. इकडे गणपतीपूर्वी पोपड्यांवर रंगाचा हात फिरवून भिंतही झाकली जाते. घरची मंडळी मात्र तीच हवा श्वासावाटे घेत राहतात.

उपाय साधे आहेत. गच्ची, पन्हळ व नळ यांची गळती आधी थांबवावी, भिंत वाळू द्यावी, मगच रंग द्यावा. स्वयंपाकाच्या व स्नानाच्या वेळी खिडकी उघडी ठेवावी. ओले कपडे निजावयाच्या खोलीत वाळत घालू नयेत. कपाट भिंतीपासून चार बोटे दूर असावे. डाग साबणाच्या पाण्याने घासावेत, नाकातोंडास फडके बांधावे आणि दमेकऱ्यास हे काम सांगू नये. ब्लीचिंग पावडर व ॲसिड कदापि एकत्र करू नये. त्यातून विषारी वायू निघतो. उपचार अर्थातच डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू ठेवावेत.

अखेरीस कार्यकारिणीस एक नम्र विनंती. वैद्यकीय साहाय्य निधीतून आपण गरजू कुटुंबांस औषधांसाठी रक्कम देतो, हे स्तुत्यच आहे. परंतु ज्या छपराखाली रुग्ण निजतो ते गळत राहिले, तर त्याच औषधासाठी तो पुढील वर्षी पुन्हा अर्ज करील. निधीचा काही भाग अशा घरांच्या दुरुस्तीस राखून ठेवावा. ते साहाय्य औषधाइतकेच वैद्यकीय ठरेल, अशी आमची खात्री आहे.